‘कमिट’ होण्याआधीचा नेम: अमेरिकेत कॉलेजात खेळू पाहणारी हायस्कूलची मुलं आणि त्यांचे आईबाबा यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या संघात पोहते, डिव्हिजन ३ मध्ये. (एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था, आणि डिव्हिजन १, २, ३ हे तिच्या कॉलेजांचे तीन गट.) ती हायस्कूलला होती त्या चार वर्षांत न्यू जर्सीतल्या आमच्या घरातला दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. आता गणपतीच्या आरतीनंतर, मंडळाच्या तालमीला, नाहीतर रात्री उशिरा फोनवर इतर आईबाबा मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढलं. नियम २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतचे आहेत. एनसीएए ते वरचेवर बदलते, तेव्हा पाऊल उचलण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचून घ्या.

‘अमकी कमिट झाली’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा ते तोंडी वचन असतं. मुलीनं कोचना ‘मी येते’ म्हटलं, त्यांनी ‘ये’ म्हटलं आणि इन्स्टाग्रामवर कॉलेजच्या रंगातला फोटो आला. या वचनानं दोघांपैकी कुणीच कायद्यानं बांधलं जात नाही. पूर्वी डिव्हिजन १ आणि २ साठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बंद झाला. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या लेखी करारावर. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही, त्यामुळे तिथे सगळी गाठ प्रवेशाच्या अर्जाशी असते. डिव्हिजन ३ चे कोच बहुतेकदा ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज करायला सांगतात, आणि त्यातून प्रवेश मिळाला की जाणं भाग असतं.

या पानावर मी लिहिते आहे ती कमिटमेंट त्या फोटोच्या तीन-चार वर्षं आधी सुरू होते. तिला ‘बांधिलकी’ म्हणता येईल, पण मला ‘नेम’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. माझी आजी पहाटे तुळशीला पाणी घालून प्रदक्षिणा घालायची. अंगात कणकण असो, घरात पाहुणे असोत, तिचा नेम चुकला नाही. आज मन लागेल की नाही, असा प्रश्न तिला कधी पडलेला मी पाहिला नाही. खेळणाऱ्या मुलाला लागतो तो असा नेम, आणि तो त्याचा स्वतःचा असावा लागतो.

नेम मुलाचा आहे की आपला, हे कसं ओळखायचं?

मला हे ओळखायला दीड वर्ष लागलं. नववीत आणि दहावीच्या सुरुवातीला लेकीला मीच उठवायचे. दिवा लाव, पांघरूण ओढ, बॅगेत टॉवेल आणि गॉगल कोंब, केळं हातात दे. एका नोव्हेंबरच्या रात्री तिला सांगितलं, ‘उद्यापासून मी उठवणार नाही. चार पंचावन्नला गाडी दारात असेल. आलीस तर निघू.’

पहिले तीन दिवस ती आली. चौथ्या दिवशी मी गाडीत बसून होते. हीटर चालू होता, काचेवरचा बर्फ कडेनं सुटत होता, थर्मासमधला चहा निवत चालला होता आणि तिच्या खोलीत अंधार होता. पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी बंद करून आत आले. जिना समोरच होता. त्या जिन्याच्या बारा पायऱ्या न चढणं मला त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम वाटलं.

सात वाजता ती रडतच खाली आली. ‘आई, उठवलं का नाहीस गं?’ मी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि म्हटलं, ‘कोचना फोन तूच कर.’ फोन दीड मिनिटाचाही नसेल. ‘झोपून राहिले, चूक माझी आहे, संध्याकाळी येते’, एवढंच ती म्हणाली. त्या रात्री तिनं गजराचं घड्याळ उशाजवळून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवलं. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं.

तेव्हापासून मी एवढंच बघते: बॅग कोण भरतं, सरावाची वेळ बदलली हे घरात आधी कुणाला कळतं, स्पर्धा हरल्यावर कोण जास्त वेळ गप्प असतं. तुमच्या बोलण्यात ‘शनिवारी आमची मीट आहे’ (मीट म्हणजे पोहण्याची स्पर्धा), ‘आमची दोन सेकंदं कमी झाली’ असं येऊ लागलं, तर थोडं मागे व्हा. उसना नेम कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला पुरत नाही. तिथे उठवायला कुणी नसतं.

एकच खेळ धरायचा का? आणि कितव्या वर्षी?

जिम्नॅस्टिक्ससारखे खेळ लवकर सुरू होतात. बाकी बहुतेक खेळांत नववीपर्यंत दोन-तीन खेळ खेळलेलं चांगलंच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला असा, की एका खेळाकडे वळणं शक्य तितकं लांबवावं, आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी आणि वर्षातून सुटे सुटे का होईना, तीन महिने त्या खेळापासून दूर राहावं. आमची दहावीपर्यंत शाळेत क्रॉस कंट्रीही धावायची. पळून कमावलेला दम पुढे पाण्यात उपयोगी पडला.

किती मुलं खरोखर कॉलेजपर्यंत पोचतात?

अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांत ८० लाखांहून अधिक मुलं भाग घेतात. एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून खेळाडू आहेत पाच लाखांहून थोडे जास्त. एनसीएए स्वतः सांगते, की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण सात टक्के मुलं त्यांच्या कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये खेळतात आणि डिव्हिजन १ मध्ये जेमतेम दोन टक्के. हा आकडा मुलाला नववीतच सांगा. तो ऐकूनही पोरगं दुसऱ्या दिवशी सरावाला निघालं, तर तुम्हाला बरंच काही कळलेलं असेल.

डिव्हिजन १ नाही मिळालं तर एवढ्या कष्टांचा उपयोग काय?

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि दर वेळी मला तो टोचतो. आपल्याकडे ‘डी-वन’ हा शब्द आयआयटीसारखा वापरला जातो.

डिव्हिजन १ मध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत. डिव्हिजन ३ मध्ये चारशेच्या वर, आणि खेळाडूंच्या संख्येनं तीच सगळ्यात मोठी आहे. विल्यम्स, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी यांचे पोहण्याचे संघ डिव्हिजन ३ मध्ये आहेत. खेळाची शिष्यवृत्ती तिथे नाही, पण गुणवत्तेवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. कित्येक घरांना ती खेळाच्या अर्धवट शिष्यवृत्तीपेक्षा जास्त पडते. डिव्हिजन २ मध्ये शिष्यवृत्त्या वाटून देतात. एनएआयए (एनसीएएसारखीच दुसरी संस्था) आणि बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं हे आणखी दोन चांगले रस्ते आहेत, आणि आपल्या लोकांत त्यांचं नावही कुणी काढत नाही.

डिव्हिजन १ चं गणित आता बदललंय, तेही समजून घ्या. ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तोवर शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा असायची. उदाहरणार्थ, पुरुषांच्या पोहण्याच्या पूर्ण संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता मर्यादा संघातल्या माणसांवर आली आहे: पोहणं आणि डायव्हिंग मिळून ३०, टेनिसला १०. शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलांच्या जागा त्यामुळे आक्रसल्या. शिवाय ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, कोचना दुसऱ्या कॉलेजातला तयार, वीस-एकवीस वर्षांचा खेळाडू मिळतो. बारावीतल्या मुलाची स्पर्धा आता त्याच्याशीही आहे.

रोज नेमकं काय करायचं? ‘मेहनत कर’ म्हणून पोरांना काही कळत नाही.

खरंय. ‘मेहनत कर’ यातून पोराच्या हाताला काहीच लागत नाही. आमच्याकडे दोन गोष्टी कामी आल्या.

पहिली म्हणजे वही. साधी, दोनशे पानी, पुण्याहून आणलेली. सराव झाला की गाडीतच तिनं चार ओळी लिहायच्या: आज काय पोहलो, कुठला सेट तुटला, किती तास झोप झाली, उद्या कशाकडे लक्ष द्यायचं. पानं ओलसर व्हायची, क्लोरीनचा वास यायचा, शाई पसरायची. मी वही मागून कधी वाचली नाही. ती दाखवायची तेव्हाच बघायचे.

दुसरी म्हणजे ज्या दिवशी मन नाही, त्या दिवसासाठी सगळ्यात छोटा नेम आधीच ठरवून ठेवणं. तिचा होता पाण्यात उतरून पहिले आठशे यार्ड नीट करायचे. त्यानंतरही नकोसंच वाटलं तर कोचना सांगून बाहेर यायचं, कुणी काही बोलणार नाही. चार वर्षांत ती अशी बाहेर आली दोनदा, आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत ताप चढला होता.

झोपेशी तडजोड नको. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. चार चाळीसला उठायचं तर साडेआठला दिवा मालवायला हवा, आणि हे एपी वर्गांच्या (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे वर्ग) गृहपाठासकट जमवायचं. आमचं रोज जमलं नाही. आठवड्याला पाच पहाटेचे सराव होते. अकरावीत कोचशी बोलून तिनं ते तीनवर आणले. हे बोलणंही तिचं तिनं केलं.

वर्षभर वेळ कमीच होत नाही. मूल खचलंय. काय करू?

शंभर यार्ड बटरफ्लायमध्ये आमची लेक नववीत १:०६ ला (एक मिनिट सहा सेकंद) होती, दहावीच्या शेवटी १:०१ वर आली आणि तिथेच चौदा महिने अडकली. त्या चौदा महिन्यांत घरात कुणी आकडा उच्चारत नसे. मैत्रिणी पुढे गेल्या. एका मीटनंतर ती लॉकर रूममधून चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. मी बाहेर बाकावर तिचा कोट मांडीवर घेऊन बसले होते.

उत्तर वहीत सापडलं, आणि तिलाच सापडलं. शाळेच्या परीक्षांच्या आठवड्यांत झोप सहा तासांच्या खाली जात होती आणि तिच्या मोठ्या मीट नेमक्या त्यानंतर येत होत्या. दुसरं, वळल्यानंतर पाण्याखाली मारायच्या डॉल्फिन किक थकली की पाचवरून तीनवर यायच्या. तिनं त्या मोजायला सुरुवात केली. प्रत्येक भिंतीला पाच, सरावातसुद्धा, कुणी बघत नसताना, शेवटच्या फेरीलाही. चार महिन्यांनी ५९.८ आली. बारावीत ५८.७.

आकडा रोज हलत नाही. हातात असलेली गोष्ट रोज मोजता येते, मग ते टेनिसमधली दुसरी सर्व्हिस असो की उंच उडीतली धाव. अडकलेल्या मुलाशी आकड्यावर बोलू नका. आज काय मोजलंस, ते विचारा.

अभ्यासाचं काय? खेळात चांगला असेल तर मार्क चालून जातात ना?

नाही. डिव्हिजन १ साठी हायस्कूलमध्ये सोळा मुख्य विषयांचे वर्ग पूर्ण करून त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो, डिव्हिजन २ साठी २.२. डिव्हिजन १ साठी सोळांपैकी दहा वर्ग बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञान यांतले. एसएटीची अट एनसीएएनं २०२३ मध्ये काढली, कॉलेज स्वतः मागू शकतं. पण ही नुसती उंबरठ्याची उंची झाली. जिथे शिष्यवृत्ती नाही तिथे प्रवेश समितीच शेवटचं ठरवते. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात डिव्हिजन ३ चे कोच मुलाचे गुण समितीकडे पाठवून अंदाज घेतात, त्याला ‘प्री-रीड’ म्हणतात. आमच्या बाबतीत दोन कॉलेजांचं दार तिथेच बंद झालं. वेळ चांगली होती, अकरावीचं केमिस्ट्री चांगलं नव्हतं.

कोचना ईमेल कुणी लिहायचा आणि कधी?

मुलानं. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. आईबाबांनी मुलाच्या नावानं लिहिलेला ईमेल अनुभवी कोचना पहिल्या दोन ओळींत कळतो.

बहुतेक खेळांत डिव्हिजन १ च्या कोचना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलाला भरतीबद्दल उत्तर देता येत नाही, आणि अधिकृत भेटी अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून होतात. फुटबॉल, बास्केटबॉल अशा काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत. मूल मात्र त्याआधीही लिहू शकतं. उत्तर आलं नाही म्हणून ईमेल वाया गेला असं समजू नका. नियम आड येत असेल. डिव्हिजन ३ चे कोच बरेच मोकळे असतात.

ईमेलमध्ये हायस्कूल संपण्याचं वर्ष, प्रकार आणि सर्वोत्तम वेळा (टेनिस असेल तर यूटीआर हे रेटिंग), जीपीए, व्हिडिओचा दुवा, पुढच्या दोन स्पर्धांच्या तारखा आणि हेच कॉलेज का, हे असावं. पोहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात असतो, तेव्हा ५० मीटरच्या वेळा वेगळ्या द्या.

लेकीचा पहिला ईमेल इतका गुळगुळीत होता की तो कुठल्याही कॉलेजला गेला असता. तिसऱ्या प्रयत्नात तिनं त्या संघाचे निकाल उघडून बसून वाचले आणि लिहिलं, की तुमच्या बटरफ्लायच्या दोघी या वर्षी पदवी घेऊन जातायत, तुमच्या कॉन्फरन्सच्या (आपसांत स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट) अंतिम फेरीत यायला ५८ च्या घरात वेळ लागते, मी ५९.८ ला आहे आणि वळणावर काम करते आहे. त्या कोचचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चौतीस ईमेल गेले, अकरा उत्तरं आली, चार भेटी झाल्या. तेवीस ठिकाणची शांतता सोसणं, दर सहा आठवड्यांनी ताज्या वेळा घालून पुन्हा लिहिणं, हाही नेमच.

कोच वेळेपलीकडे काय बघतात?

आम्हाला एका कोचनी समोर बसवून सांगितलं, की शर्यत संपल्यावरची दोन मिनिटं ते बघतात. मूल शेजारच्या लेनमधल्या मुलीचा हात हातात घेतं का, गॉगल फेकतं का, आईनं पुढे केलेली पाण्याची बाटली कशी घेतं. हरलेल्या रिलेनंतर ते कुणाकडे चालत जातं. समाजमाध्यमांवरचं लिखाणही बघतात. हे सगळं एका दिवसात शिकवता येत नाही. गाडीत, जेवताना, भावंडाशी बोलताना जे चालतं तेच तिथे दिसतं.

उन्हाळ्यात भारतात जायचं की नाही? आणि गणपती, दिवाळी?

जायचं. आजी-आजोबांची वर्षं परत येत नाहीत. पण सहा आठवडे एका दमात, तेही जुलैत, हे उन्हाळी हंगामाच्या मुख्य स्पर्धांवर येतं. आम्ही ऑगस्टमधले तीन आठवडे ठरवले. पुण्यात ती सकाळी टिळक तलावावर जायची. बाहेर पाऊस, माझे बाबा छत्री घेऊन पायरीवर बसलेले, आणि परत येताना दोघं कुठेतरी थांबून इडली खाऊन यायचे, हे मला आठवड्यानं कळलं. पोहणं कमी झालं, पण नेम मोडला नाही.

मंडळाच्या नाटकाच्या तालमी आणि मीट यांची टक्कर होतेच. मुलाला हंगामाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर समोर ठेवून निवडू द्या आणि निवडलं की दोन्हीकडे स्वतः कळवू द्या. आयत्या वेळी ‘येत नाही’ म्हणायची सवय लागली, की ती एका जागी थांबत नाही.

दुखणं आणि कष्ट यांत फरक कसा करायचा? जेवणाचं काय?

थकवा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि झोपेनं ओसरतो. एकाच खांद्यात, एकाच जागी, विश्रांतीनंतरही राहणारं दुखणं डॉक्टरला दाखवायचं. ‘सहन कर, सवय होईल’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज येतं. बटरफ्लाय मारणाऱ्या खांद्याला ते सांगू नका. आमचे सात आठवडे खांद्यात गेले. त्यात ती फळी धरून नुसत्या किक मारायची आणि तलावाच्या कडेला बसून लहान मुलांच्या वेळा लिहून द्यायची.

मुलींच्या आईंना एक गोष्ट उघड सांगते. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर त्याला ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खर्चाच्या मानानं खाणं कमी पडतंय याची ती खूण असते. हाडांवर परिणाम होतो. लगेच डॉक्टर गाठा, रक्तातलं लोहही तपासा. शाकाहारी राहून हे सगळं जमतं, पण दोन पोळ्या-भाजीत जमत नाही. उसळ, पनीर, दही, शेंगदाण्याचे लाडू, सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात. आमच्या गाडीत दडपे पोहे आणि उकडलेली अंडी असायची.

आम्ही एच-४ वर (एच-१बी वगैरेंवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत. काही अडचण?

शिष्यवृत्ती घ्यायला किंवा संघात खेळायला व्हिसाची आडकाठी नाही. अडचण दोन ठिकाणी येते. फाफ्साच्या अर्जावर मिळणारी केंद्र सरकारची मदत एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर मिळत नाही, म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या मदतीचे नियम वाचा. आणि जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून पैसे कमावता येतात, त्याला एनआयएल म्हणतात. या व्हिसांवर कमाईची बंधनं असल्यानं इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका. फुकट मिळालेले बूट घालून त्यांच्याबद्दल बोलायचं कबूल करणंसुद्धा आधी विचारून. मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ संपतो, तोही हिशेब अकरावीतच मांडा.

रिक्रूटिंग एजन्सीला पैसे द्यावेत का?

माझं मत: नाही. कॉलेजच्या खेळाच्या संकेतस्थळावरचा प्रश्नावलीचा अर्ज फुकट भरता येतो, कोचचा ईमेल तिथेच असतो, आणि पोहणं, धावणं, टेनिस यांत आकडे सगळ्यांना दिसतातच. आम्ही एकीला पैसे दिले होते. आलेली यादी मुलीनं एका रविवारी स्वतः केलेल्या यादीपेक्षा बरी नव्हती.

क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं काय?

दोन्ही एनसीएएत नाहीत. कॉलेज क्रिकेट क्लब पातळीवर चालतं. स्क्वॉश एनसीएएबाहेर कॉलेज स्क्वॉश असोसिएशनकडे आहे आणि तिथे कोच भरती करतात. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर कॉर्नेलला गेला तो संगणकशास्त्र शिकायला. खेळ त्यानं सोडला नाही, आणि ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्ध अमेरिकेची सुपर ओव्हर त्यानंच टाकली.

महाराष्ट्रातून थेट येता येतं का?

येतं. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा उंच उडीतला विजेता होता. टेनिसमध्ये सोमदेव देववर्मन एनसीएएची २००६ ची एकेरीची अंतिम लढत हरला आणि पुढची दोन्ही वर्षं, २००७ आणि २००८, जिंकला.

तिकडच्या पालकांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका नीट जपाव्यात, त्या सगळ्या एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे लागतात. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं फक्त स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजात खेळायचा काळ कमी होऊ शकतो, टेनिसमध्ये विशेषतः. बक्षिसाची रक्कम घेण्याआधीही नियम वाचा.

मूल म्हणतं, ‘सोडायचंय.’ काय करावं?

आधी ऐका. लगेच समजावू नका. त्या दिवशीची हार बोलते आहे की सहा महिन्यांचं साचलेलं, ते त्याच रात्री कळत नाही. आमच्याकडे ठरलेलं होतं की हंगाम मध्ये सोडायचा नाही, कारण रिलेत आणखी तिघी असतात. हंगाम संपला की महिनाभर पाण्याचं नाव काढायचं नाही आणि मग विचारायचं. तिनं एकदा ‘सोडू का?’ असं विचारलं होतं, अकरावीच्या मार्चमध्ये. एप्रिलभर ती शाळेच्या नाटकात पडदे ओढत होती. मेच्या पहिल्या सोमवारी चार चाळीसला कपाटावरचं घड्याळ वाजलं.

तिच्याबरोबरच्या एका मुलीनं मात्र अकरावीत खरंच सोडलं, आणि आज ती मजेत आर्किटेक्चर शिकते आहे. तिच्या आईनं तेव्हा मला विचारलं होतं, ‘आठ वर्षं फुकट गेली का गं?’ ती पोर आजही कामाला पाच मिनिटं आधी हजर असते आणि चुकलं की स्वतः फोन करते, असं तिची आईच सांगते.

कॉलेजचं नक्की झालं. आता?

उन्हाळ्याचा सरावाचा तक्ता कोच मे-जूनमध्ये पाठवतात. तो मुलाच्या इनबॉक्समध्ये येतो, तुमच्या नव्हे. डिव्हिजन १ मध्ये हंगामात आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तासांची मर्यादा आहे, शिवाय एक दिवस सुट्टी. पण प्रवास, फिजिओ, डोळ्यांवरची झोप यांचा त्यात हिशेब नाही, तेव्हा पहिल्या सेमिस्टरला हलके विषय घ्यायला सांगा. कपडे धुणं आणि डाळ-भात लावणं येत नसेल तर शिकायला जुलै आहे.

कॉलेजच्या कोचना आईबाबांनी फोन करायचा नसतो, आजारपण सोडून. मीट बऱ्याच ठिकाणी नेटवर थेट दिसतात. मी शनिवारी लॅपटॉप ओट्यावर ठेवते. शर्यत झाली की लेकीला काही लिहीत नाही. रात्री तिचाच फोन येतो, आधी जेवण काय होतं ते सांगते, मग बाकीचं.